मुक्त-स्रोत प्रकल्पातील कोड-योगदान

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या मूळ कोडमध्ये कोणीही सुचवलेला आणि प्रकल्पातील जबाबदार व्यक्तींनी तपासून सामावून घेतलेला बदल म्हणजे कोड-योगदान. अशा योगदानाचे रूढ एकक ‘पॅच’ हे होय. पॅचमध्ये संपूर्ण फाइल नसते. वगळलेल्या ओळी, घातलेल्या ओळी आणि त्यांच्या वरखालच्या न बदललेल्या काही ओळी एवढाच मजकूर असतो. दोषांची नोंद, भाषांतर आणि दस्तऐवजलेखन यांचीही गणना योगदानात होते; प्रस्तुत नोंद मात्र मुख्यतः कोडपुरती असून लिनक्स कर्नलमधील (लिनक्स या संचालन-प्रणालीच्या गाभ्यातील) पद्धतीला धरून आहे.

या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. रेमिंग्टन रँड कंपनीच्या युनिव्हॅक विभागात ग्रेस हॉपर यांच्या गटाने तयार केलेली ए-२ ही प्रणाली १९५३ च्या सुमारास ग्राहकांना मूळ कोडसह देण्यात आली आणि सुधारणा परत पाठवण्याचे आवाहनही करण्यात आले. काही लेखक तेथूनच या प्रथेचा आरंभ मानतात. इतर काहींच्या मते १९५५ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकाच्या वापरकर्त्यांनी अमेरिकेत स्थापन केलेली ‘शेअर’ ही संघटना अधिक महत्त्वाची आहे, कारण तेथे देवघेव उत्पादक आणि ग्राहक यांच्यात नव्हे, तर वापरकर्त्यांमध्येच आपसांत होत होती. दोन्ही उदाहरणे पूर्वपीठिका म्हणून ग्राह्य असली, तरी त्या काळी सॉफ्टवेअर यंत्राबरोबरच मिळत असल्याने परवान्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. आयबीएमने सॉफ्टवेअरची वेगळी किंमत आकारण्याचा निर्णय जाहीर केला तो १९६९ मध्ये. अनोळखी व्यक्तीने दुरून बदल पाठवावा आणि तो यांत्रिक रीतीने मूळ कोडमध्ये बसवता यावा, हे आजच्या प्रथेचे लक्षण मानल्यास तिचा आरंभ त्यानंतरच्या साधनांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

या साधनांपैकी पहिले ‘डिफ’. दोन फाइलींमधील फरक दाखवणारा हा प्रोग्रॅम बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी विकसित केला आणि युनिक्स या संचालन-प्रणालीच्या १९७४ च्या पाचव्या आवृत्तीत तो समाविष्ट होता; त्यामागील रीत जेम्स हंट व मॅकिलरॉय यांनी १९७६ मध्ये अहवालरूपाने मांडली. डिफचे आरंभीचे फलित ओळींच्या क्रमांकांवर विसंबून असे. त्यामुळे मूळ फाइलीत मध्यंतरी कोणी दोन ओळी घातल्या असल्या, तरी पाठवलेला बदल चुकीच्या जागी पडण्याचा धोका होता. बर्कली युनिक्समध्ये १९८१ च्या सुमारास बदलाभोवतीच्या ओळीही नोंदवण्याची सोय झाली आणि १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी प्रसृत केलेल्या ‘पॅच’ या प्रोग्रॅमने तिचा खरा उपयोग करून घेतला : ओळी खालीवर सरकल्या असल्या तरी संदर्भावरून जागा शोधायची आणि मगच बदल बसवायचा. परस्परांशी संपर्क नसलेल्या अनेकांना किंचित जुन्या प्रतीवर काम करूनही योगदान देता येऊ लागले ते यामुळे. आज सर्वत्र दिसणारा अधिक-उणे चिन्हांचा आटोपशीर आराखडा १९९० मध्ये वेन डेव्हिसन यांनी मांडला.

तांत्रिक बाजूइतकीच कायदेशीर बाजूही निर्णायक आहे. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या महत्त्वाच्या प्रोग्रॅमांसाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था योगदानकर्त्याकडून स्वामित्वहक्क लेखी हस्तांतरित करून घेत असे. अपाची प्रतिष्ठान हक्क न घेता परवाना-करार करून घेते. लिनक्सने तिसरा मार्ग पत्करला. आयबीएमने आपला कोड कर्नलमध्ये घुसवल्याचा दावा करीत एससीओ कंपनीने २००३ मध्ये तिच्यावर खटला भरला. त्यानंतर मे २००४ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ असावी असा प्रस्ताव ठेवला. ही ओळ लिहिणारा असे प्रमाणित करतो की, कोड त्याने स्वतः लिहिला आहे, किंवा योग्य मुक्त परवान्याच्या आधीच्या कोडवर तो आधारलेला आहे, किंवा तसे प्रमाणित करणाऱ्या दुसऱ्याकडून तो आला आहे. शिवाय ही नोंद कायम सार्वजनिक राहील हेही त्याला मान्य असते. पॅच ज्यांच्या हातून पुढे जातो ते मेंटेनरही (कर्नलच्या एकेका भागाची जबाबदारी सांभाळणारे) आपली ओळ जोडतात. या ओळीला पुष्कळदा निव्वळ शिष्टाचार समजले जाते, ते बरोबर नाही. कोडचा माग काढण्याचा तोच आधार आहे. निनावी योगदान आजही चालत नाही, मात्र २०२३ पासून खऱ्या नावाऐवजी ‘ज्ञात ओळख’ पुरेशी मानली जाते.

कर्नलची नवी आवृत्ती साधारणपणे नऊ ते दहा आठवड्यांनी निघते. पहिले दोन आठवडे नवे बदल घेतले जातात आणि उरलेल्या काळात दुरुस्त्याच स्वीकारल्या जातात. पॅच कोणाकडे पाठवायचा हे ‘मेंटेनर्स’ या फाइलीवरून ठरते. लेखनशैलीची प्राथमिक तपासणी ‘चेकपॅच’ या स्क्रिप्टने होते. एका पॅचमध्ये एकच तर्कसंगत बदल असावा, आणि सोबतच्या टिपणात काय बदलले याबरोबरच का बदलले हेही असावे, अशी अपेक्षा असते. पहिल्याच फेरीत पॅच स्वीकारला जाणे विरळा. आक्षेपांनुसार सुधारलेल्या आवृत्त्या क्रमाने पाठवाव्या लागतात.

एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन लिहिले, कारण त्याच कामासाठी तोवर वापरात असलेल्या बिटकीपरचा विनामूल्य परवाना काढून घेण्यात आला होता. ‘पुल रिक्वेस्ट’ (आपले बदल सामावून घेण्याची विनंती) ही संज्ञा २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या संकेतस्थळाशी जोडली जाते. परंतु तशी विनंती तयार करणारी आज्ञा गिटमध्ये २००५ पासून आहे, आणि कर्नलमध्ये ती प्रामुख्याने मेंटेनरांकडून टोरवाल्ड्स यांच्याकडे जाते.

तपासणीच्या मर्यादाही उघड झाल्या आहेत. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगादाखल जाणूनबुजून सदोष पॅच पाठवल्याच्या प्रकरणावरून २०२१ मध्ये त्या विद्यापीठाच्या योगदानावर बंदी घालण्यात आली. २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण-साधनात चोरवाट आढळली. ती घालणाऱ्याने दीर्घकाळ योगदान देऊन मेंटेनरपद मिळवले होते.

गुगलच्या ‘समर ऑफ कोड’ या २००५ पासूनच्या उपक्रमात भारतीय विद्यार्थ्यांचा सहभाग मोठा आहे. मराठीच्या दृष्टीने लोहित टंकसमूहाचा (फाँटचा) उल्लेख आवश्यक ठरतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले हे टंक रेड हॅटने मुक्त परवान्याखाली प्रसृत केले, आणि २०११ मध्ये त्यांना एसआयएल मुक्त टंक परवाना लागू झाला.