तोफखान्यातले तात्या : एका आयुष्याची पार्श्वभूमी

उद्या रामकुंडावर तात्यांची दशक्रिया. नव्वद वर्षं जगले. भेटायला येणारे ‘फौजी माणूस’ म्हणत हात जोडून जातात. पण ते फौजेत गेले कसे आणि चोवीस वर्षं बाहेर काढूनही एवढे घरातले कसे राहिले, हे घरातल्या लहानांना ठाऊक नाही. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

निफाड तालुक्यातल्या पोराला तोफखाना परका नव्हता. देवळालीला इंग्रजांच्या काळापासून छावणी. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर तिथे मुक्काम ठोकायचे. स्वातंत्र्यानंतर देवळालीत तोफखान्याचं विद्यालय राहिलं, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर आलं आणि देशभरातले तोपची आपल्या जिल्ह्यात घडू लागले. तात्यांच्या घरी भाऊ चार आणि जमीन तुटपुंजी. 1954 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ते भरती झाले.

त्यांची तोफ पंचवीस पौंडी. गोळा अकरा किलोच्या वर, मारा बारा किलोमीटरपर्यंत, एका तोफेवर सहा जण. त्या आवाजाने त्यांचा उजवा कान गेला. आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात, ते त्यामुळेच.

1962 च्या चीन युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि पुढे नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. तात्यांना याचा फार अभिमान. 1965 ला ते पंजाबात होते, 1971 ला पूर्वेकडे. लढाईचं स्वतःहून काही सांगत नसत. मीही कधी खोदून विचारलं नाही, याची आता चुटपुट लागते.

ते खरे कळतात त्यांच्या पत्रांतून. आजीने ती पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली जपलीत. निळी आंतर्देशीय पत्रं, पाठवणाऱ्याच्या जागी ‘56 एपीओ’ हा फौजी टपालाचा पत्ता, आत ठसठशीत अक्षर, प्रत्येक ‘र’ची शेपटी लांब ओढलेली. सुरुवात कायम ‘तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार’. आजीला तेव्हा वाचता येत नव्हतं. गुरुजी ओसरीवर बसून सगळ्यांदेखत पत्र वाचायचे, त्यामुळे बायकोला उद्देशून एक ओळ लिहायची सोय नव्हती. मग शेवटी असायचं, ‘तांबड्या गाईला जपावे, तिने उन्हात फार हिंडू नये.’ गाय कोण, हे आजीला बरोबर कळायचं. हे सांगताना ती अजून लाजते.

1972 च्या दुष्काळात विहीर आटली, पेरणी वाया गेली. त्या वर्षी चारही भावांच्या चुली तात्यांच्या मनिऑर्डरीवर पेटल्या. पुढे कुणी तो विषय काढला तर ते उठून गोठ्यात जायचे.

1978 ला हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले. विहीर खोल केली, नंतर द्राक्षं लावली. पण आल्या आल्या पहिलं काम केलं ते पाटी-पेन्सिल आणण्याचं. ‘माझ्यामागं फॅमिली पेन्शन तुझ्या नावानं येईल. तिथं अंगठा उठवायचा नाही.’ रोज रात्री, जेवणं उरकल्यावर, ते आजीकडून नाव गिरवून घ्यायचे. बोट धरून, मुळाक्षरांपासून.

काल काकांनी पेन्शनचा फॉर्म घरी आणला. आजीने पदराने चष्मा पुसला, पेन घट्ट धरलं आणि एकेक अक्षर जोडत सही केली. ‘र’ची शेपटी चौकटीच्या बाहेर गेली.