माहिती-प्रवाह सुरक्षा : औपचारिक व्याख्या

गोपनीय माहिती प्रोग्रॅमने वाचल्यानंतर गणनेतून कुठवर पोचते, हे तपासणारे गणिती निकष. परवानगी-नियंत्रण फाईल उघडण्यापुरतेच चालते.

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावच्या सेवा सहकारी संस्थेत सभासदाची थकबाकी गोपनीय आणि पीककर्जाची यादी जाहीर आहे, असे धरू. ‘यादी = थकबाकी’ हा उघड प्रवाह. ‘थकबाकी असेल तर यादीत ०, नसेल तर १’ यात रक्कम कुठेच उतरत नाही, तरी यादी वाचणाऱ्याला थकबाकीदार कळतो; हा गर्भित प्रवाह. डोरोथी डेनिंग यांच्या १९७६ च्या जालक-प्रतिमानात (lattice model) प्रत्येक चलाला गोपनीयतेचा स्तर असतो व प्रवाह त्याच किंवा वरच्या स्तराकडेच चालतो. अटीचा स्तर तिच्या दोन्ही शाखांतील लेखनाला लागू होतो, म्हणून यादीत ० वा १ लिहिणारी आज्ञा नाकारली जाते.

मध्यवर्ती व्याख्या अहस्तक्षेपाची (noninterference) : जाहीर आदाने (इनपुट) तीच ठेवून गुपित कसेही बदलले, तरी जाहीर प्रदाने (आउटपुट) बदलू नयेत. थकबाकी ० आणि ४०,००० धरून प्रोग्रॅम दोनदा चालवला की वरचा दोष दिसतो. एकाच धावेच्या नोंदीत तो कधीच सापडत नाही.

या व्याख्येचे श्रेय बहुधा गोगेन व मेसेगर (१९८२) यांना दिले जाते. त्यांची मांडणी मात्र अवस्था-यंत्राची, म्हणजे आज्ञेगणिक अवस्था बदलणाऱ्या प्रणालीची, आहे : वरच्या स्तराच्या वापरकर्त्याच्या आज्ञा गाळल्या तरी खालच्याला तेच दिसले पाहिजे. गुपित बदलून परिणाम पाहण्याची कल्पना एलिस कोहेन यांच्या १९७७ च्या ‘प्रबळ अवलंबित्वा’त आधीच आढळते. प्रोग्रॅमपुरते बीज कोहेन यांचे, नाव व प्रणालीरूप १९८२ चे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लॅम्पसन यांनी १९७३ मध्ये बंदिस्ततेचा, म्हणजे प्रोग्रॅमला दिलेली माहिती बाहेर फुटू न देण्याचा, प्रश्न मांडला होता, औपचारिक व्याख्या दिली नव्हती.

अनिश्चित वर्तनाच्या प्रणालींसाठी सदरलँड यांनी १९८६ मध्ये अननुमेयता सुचवली : खालच्या स्तराला जे दिसते त्यावरून गुपिताबद्दल काहीच अनुमान काढता येऊ नये. स्वतंत्रपणे सुरक्षित ठरलेल्या दोन प्रणाली जोडल्यावर ती टिकेलच असे नाही.

‘थकबाकी असेल तोवर फिरत राहा’ या आज्ञेने प्रोग्रॅम अडकला, तरी गुपित फुटते. समाप्ती-निरपेक्ष व्याख्या, म्हणजे प्रोग्रॅम थांबतो की नाही हे न पाहणारी, ही गळती मोजत नाही. वेळेवरून होणारी गळतीही तिच्या कक्षेबाहेर आहे.

कडक अहस्तक्षेपात बेबाकी दाखलाही देता येत नाही, म्हणून नियंत्रित प्रकटन, म्हणजे ठरवून दिलेली मर्यादित माहितीच उघड करणे, लागते. मग किती फुटले हे मोजावे लागते. चार अंकी पिनच्या एका तपासणीत शॅनन-मापाने (सरासरी अनिश्चिततेतील घट) सुमारे ०.००१५ बिट फुटते, लघुतम-एन्ट्रॉपीने (एका प्रयत्नात ओळखण्याच्या शक्यतेवरचे माप) १ बिट, कारण पिन ओळखण्याची शक्यता १०,००० त १ वरून २ होते. अंदाज बांधणाऱ्या हल्लेखोरापुढे दुसरे माप धरावे.