ट्रिपल निगेटिव्ह, पण ग्रेड १? रिपोर्ट पुन्हा तपासा

स्तनात दोन सेंटिमीटरची गाठ. एका बाईला शस्त्रक्रियेनंतर बहुधा पाच ते दहा वर्षे हार्मोनविरोधी गोळी पुरते. तेवढ्याच गाठीसाठी दुसरीला आधी केमो घ्यावी लागते. हा फरक पेशींमधल्या तीन खुणांमुळे पडतो: इस्ट्रोजेन रिसेप्टर (ईआर), प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर (पीआर) आणि हर-२. पेशी किती वेगाने वाढताहेत हे केआय-६७ सांगतो. ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह आणि वाढ मंद असेल तर ल्युमिनल ए. वाढ वेगवान असेल तर ल्युमिनल बी. तिन्ही खुणा नसल्या तर ट्रिपल निगेटिव्ह.

हे उपप्रकार वय आणि गाठीच्या स्वभावाशी बरेच बांधलेले असतात. ल्युमिनल ए रजोनिवृत्तीनंतर जास्त दिसतो, बहुधा ग्रेड १ किंवा २ असतो (ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात याची १ ते ३ अशी श्रेणी), पण दहा वर्षांनंतरही हाडांत उलटू शकतो. ट्रिपल निगेटिव्ह तुलनेने तरुण स्त्रियांत आणि बीआरसीए-१ जनुकातल्या दोषासोबत अधिक आढळतो. त्याचा ग्रेड बहुतेकदा ३ असतो आणि तो उलटलाच तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत. त्यात गाठ लहान म्हणून काखेतल्या लसिका ग्रंथी कोऱ्या, म्हणजे कर्करोगमुक्त असतील, हा हिशेबही नीट बसत नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावरून ओळखले जाणारे लोब्युलर, ट्युब्युलर आणि म्युसिनस हे कर्करोगाचे प्रकार जवळजवळ नेहमी ईआर पॉझिटिव्ह असतात.

या बांधिलकीचा सगळ्यात मोठा उपयोग, आमच्या मते, रिपोर्टमधली चूक पकडण्यासाठी होतो. ग्रेड १ चा ट्युब्युलर कर्करोग ट्रिपल निगेटिव्ह आला, किंवा ईआर-पीआर पॉझिटिव्ह ग्रेड १ गाठीत हर-२ पॉझिटिव्ह निघाला, तर चाचणी पुन्हा करावी. (अपवाद आहेत: ॲडिनॉइड सिस्टिक आणि सिक्रेटरी हे दुर्मीळ प्रकार ट्रिपल निगेटिव्ह असूनही सहसा सौम्य असतात.)

चूक बहुधा प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच झालेली असते. काढलेला तुकडा तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. फॉर्मॅलिन तुकड्याच्या आकारमानाच्या दहापट तरी असावे. अख्खा स्तन न चिरता बरणीत कोंबला तर फॉर्मॅलिन आत पोहोचत नाही, मधला भाग सडतो, रिसेप्टर नष्ट होतात आणि खरी पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह दिसते. म्हणून पॅथॉलॉजिस्ट त्याच काचेवरच्या निरोगी नलिका पाहतात. त्यांतल्या काही पेशी ईआरच्या चाचणीत रंगायलाच हव्यात. एकही रंगली नसेल तर 'निगेटिव्ह' या निकालाला अर्थ नाही. भारतात ट्रिपल निगेटिव्हचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त नोंदले जाते. रुग्णांचे कमी वय हे त्याचे एक कारण, पण सदोष फिक्सेशनचा (फॉर्मॅलिनमध्ये तुकडा टिकवण्याचा) वाटाही त्यात धरायला हवा.

रिपोर्टमध्ये फक्त 'पॉझिटिव्ह' लिहिलेले पुरेसे नाही, टक्केवारी हवी. ईआर १ टक्का असला तरी पॉझिटिव्ह धरतात, पण १ ते १० टक्क्यांच्या गाठी पुष्कळदा ट्रिपल निगेटिव्हसारख्या वागतात. हर-२ चा निकाल ३+ असेल तर पॉझिटिव्ह, ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह. २+ असेल तर फिश चाचणी (हर-२ जनुकाच्या प्रती मोजणारी) केल्याशिवाय काहीच ठरत नाही. शंका असल्यास पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून दुसऱ्या प्रयोगशाळेत देता येतो. रोग उलटला तर नव्या जागेची बायोप्सी करून या खुणा पुन्हा तपासाव्यात, कारण काही रुग्णांत त्या बदललेल्या असतात.