किमान वेतनापेक्षा कमी पगार मिळतोय? मग फरकाचा क्लेम असा टाका

ठेकेदाराकडे हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, पॅकिंगला असलेल्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण सगळ्यात जास्त पैसे यांचेच बुडतात.

क्लेम कोण करू शकतं? २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता (पगाराचा नवा केंद्रीय कायदा) लागू झालीय, त्यामुळे पूर्वीसारखं ठराविक यादीतल्या उद्योगांपुरतं किमान वेतन राहिलं नाही, अप्रेंटिस सोडून सगळ्यांना आहे. ठेकेदाराने पगार थकवला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. आणि "कमी पगारात काम करायला तयार आहे" असं तुमच्याकडून लिहून घेतलं असेल तरी तो कागद कायद्यात टिकत नाही.

आधी किमान वेतन आणि हातात आलेला पगार यांतला फरक काढा. महाराष्ट्रात मूळ दर अधिक विशेष भत्ता (महागाईप्रमाणे बदलणारा) असा हिशोब असतो, भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, म्हणून महिन्यागणिक तक्ता करा, त्यात तुमचं परिमंडळ (दरांसाठी पाडलेला भाग, झोन) आणि कुशल, अर्धकुशल की अकुशल हे नीट बघा, चुका इथेच होतात.

कागद: आधार, बँक पासबुक, पगार स्लिप, आयकार्ड, हजेरीचा काही पुरावा (मोबाईलमधला फोटोसुद्धा ठेवा), फरकाचा तक्ता. स्लिप देतच नाहीत म्हणून गप्प बसू नका, पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची आहे. कोऱ्या व्हाउचरवर मात्र सही अजिबात करू नका.

अर्ज कामगार स्वतः करू शकतो, कामगार खात्याचा इन्स्पेक्टर करू शकतो किंवा तुम्ही मेंबर असलेली नोंदणीकृत युनियन करू शकते. माझं स्पष्ट मत, युनियनकडूनच जा, कारण एका आस्थापनेतल्या कितीही जणांचा मिळून एकच अर्ज चालतो, मग एकट्याला हेरून काढणं अवघड जातं. कुठल्या अधिकाऱ्याकडे द्यायचा ते जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारा, पोचपावती घ्या. अर्जाची मुदत पैसे थकल्यापासून ३ वर्षं. फरकाशिवाय त्याच्या १० पटीपर्यंत भरपाई मिळू शकते, निकाल ३ महिन्यांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, अपील ९० दिवसांत.

युनियनचं काम क्लेमवर संपत नाही हो. किमान वेतनाचे दर ठरवताना सरकारच्या सल्लागार मंडळात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात, ५ वर्षांच्या आत दर बघायचेच असतात, तिथे रेटा लावायला माणसं लागतात. २०१९ मध्ये केंद्राने देशाचा किमान दर रोजचा १७८ रुपये धरला, त्याच वर्षी सरकारच्याच तज्ज्ञ समितीने ३७५ सुचवले होते! म्हणून मेंबरशिपची पावती आधी फाडा, क्लेमचा अर्ज त्यानंतर.