क्रिएटिनची रूपे अनेक, रेणू एकच

सोलापूरच्या तालमींत आणि जिममध्ये घाम गाळणाऱ्या अनेक तरुणांचा असा समज आहे की, साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या क्रिएटिन या पूरक पदार्थाचे नेहमीचे रूप) आता जुने झाले असून महागडे हायड्रोक्लोराइड (हायड्रोक्लोरिक आम्लाशी जोडलेले रूप) किंवा ‘बफर्ड’ (आम्लाचा परिणाम रोखणारा अल्कधर्मी पदार्थ मिसळलेले) क्रिएटिन अधिक ताकद देते. रसायनशास्त्र या समजाला दुजोरा देत नाही.

पैलवान जोर लावून डाव टाकतो, तेव्हा स्नायूतील एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) दोन-तीन सेकंदांतच संपू लागते आणि फॉस्फोक्रिएटिन (फॉस्फेट जोडलेले क्रिएटिन) आपला फॉस्फेट गट देऊन ते पुन्हा घडवते. पूरक क्रिएटिनने स्नायूतील फॉस्फोक्रिएटिनचा साठा वाढतो; ते स्टेरॉइड नव्हे.

हायड्रोक्लोराइड पाण्यात सहज विरघळते, हे खरे आहे. परंतु जठरात मुळातच हायड्रोक्लोरिक आम्ल असते, त्यामुळे तेथे दोन्ही रूपांतून सुटणारा क्रिएटिनचा रेणू एकच असतो. शिवाय मोनोहायड्रेट जवळजवळ पूर्ण शोषले जाते आणि त्यात वजनाने सुमारे ८८ टक्के क्रिएटिन असते, तर हायड्रोक्लोराइडमध्ये सुमारे ७८ टक्के.

‘बफर्ड’ क्रिएटिनची जाहिरात जठरातील आम्लाची भीती घालते. क्रिएटिनच्या रेणूची दोन टोके एकमेकांना जोडली जाऊन पाण्याचा एक रेणू बाहेर पडला की वलयासारखे कडे तयार होते. तेच क्रिएटिनिन, जे स्नायूच्या उपयोगाचे नसते. मात्र तीव्र आम्लात ही जोडणी मंदावते, म्हणून ज्या संकटापासून वाचवण्याचे पैसे घेतले जातात, ते संकट जठरात जवळपास नसतेच. याउलट क्रिएटिनच्या इथाइल एस्टर या आणखी एका रूपात अल्कोहोलचा गट रेणूच्या एका टोकाला जोडलेला असतो. आतड्यातील उदासीन वातावरणात तो चटकन सुटतो, कडे झपाट्याने तयार होते आणि क्रिएटिनऐवजी क्रिएटिनिनच वाढते. सुधारित म्हणून विकले गेलेले हे रूप मूळ रूपापेक्षा निकृष्ट ठरावे, ही गोष्ट ग्राहकांपर्यंत पोहोचायलाच हवी.

स्नायूत किती क्रिएटिन मावेल, हे पेशीपटलावरील वाहक प्रथिन ठरवते, डब्यावरचे नाव नव्हे. रोज ३ ते ५ ग्रॅम मोनोहायड्रेटने साधारण चार आठवड्यांत साठा भरतो. रक्ततपासणीत क्रिएटिनिन किंचित वाढलेले दिसू शकते, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी सल्ल्याविना ते घेऊ नये.

कोरडी पूड सोलापूरच्या उन्हाळ्यातही टिकते. पाण्यात कालवल्यावर मात्र तेच कडे हळूहळू तयार होऊ लागते आणि उष्णतेने त्याचा वेग वाढतो, त्यामुळे सकाळी भरलेली बाटली संध्याकाळच्या व्यायामासाठी राखून ठेवण्यापेक्षा पूड आयत्या वेळी कालवावी.