जन्मदाखला : कौटुंबिक स्थलांतर अर्जांतील अडचणी

परदेशी स्थायिक झालेल्या व्यक्तीने आई-वडील, मुले किंवा भावंडे यांच्यासाठी केलेल्या स्थलांतर अर्जात नाते सिद्ध करणारा मूळ कागद म्हणजे जन्मदाखला. तो नसणे, उशिरा नोंदवलेला असणे, निनावी असणे किंवा इतर कागदांशी न जुळणे यांतून उद्भवणाऱ्या अडचणींचा विचार या नोंदीत केला आहे. विवेचन मुख्यतः अमेरिकेच्या अर्जपद्धतीला (आय-१३० हा नातेवाइकासाठीचा अर्ज, आय-४८५ हा अमेरिकेत राहून स्थायी निवासासाठीचा, डीएस-२६० हा परदेशातून स्थलांतर व्हिसासाठीचा) धरून असून भारतीय बाजू महाराष्ट्रापुरती पाहिली आहे.

नोंदणीची पूर्वपीठिका : जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ साली संमत झाला आणि महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या देशनिहाय कागदपत्र सूचीतही भारतासाठी हीच सीमारेषा मानली जाते. त्यामुळे तिच्याआधी नोंदणीच नव्हती असा समज पसरला असला, तरी तो बरोबर नाही. १८८६ चा केंद्रीय कायदा ऐच्छिक स्वरूपाचा होता. मुंबई शहरात १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली नोंदी होत. खेड्यांत कोतवालाने सांगायचे आणि वहीत उतरवायचे अशी रीत होती. ही वही ‘कोतवाल बुक’ किंवा गाव नमुना नं. १४ या नावाने ओळखली जाते आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात आजही मिळू शकते. तिच्यातील जुन्या नोंदी अनेकदा मोडी लिपीत असतात. त्यांत बापाचे नाव, जात व तारीख असते, पण मुलाचे नाव बहुधा नसते, कारण बारशाआधीच वर्दी दिलेली असे. मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तुटक आहेत. गोव्यात मात्र पोर्तुगीज नागरी नोंदणीमुळे जुने दाखलेही पुष्कळदा सापडतात.

नोंद कोठे शोधावी : कायद्याने नोंद घटनास्थळी होते, वडिलांच्या गावी नव्हे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे थोरल्या अपत्याची नोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत असते. पासपोर्टवर मात्र जन्मस्थळ म्हणून सासरचे गाव पडलेले असते. मग शोध चुकीच्या कार्यालयात घेतला जातो आणि तेथून नोंद नसल्याचा खराखुरा, परंतु निरुपयोगी दाखला मिळतो. जिल्ह्यांच्या विभाजनाचाही गोंधळ होतो : १९७५ साली कणकवलीत जन्मलेल्याचा जिल्हा रत्नागिरी, कारण सिंधुदुर्ग १९८१ चा, तसेच लातूर १९८२, वाशीम १९९८, पालघर २०१४. असा फरक शपथपत्रात एका वाक्यात खुलासा करून मिटतो. पासपोर्ट बदलण्याची गरज नसते.

अनुपलब्धता प्रमाणपत्र : शोधूनही नोंद न सापडल्यास निबंधकाकडून नमुना १० मधील प्रमाणपत्र घ्यावे. ग्रामपंचायतीत निबंधक ग्रामसेवक असतो, सरपंच नव्हे. सरपंचाच्या लेटरहेडवरील पत्र हा सर्वांत नेहमीचा चुकीचा कागद आहे. प्रमाणपत्रात अर्जदाराचे व आई-वडिलांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि कोणत्या वर्षांच्या नोंदवह्या तपासल्या हे असावे. शोध एकाच तारखेपुरता घेऊ नये. महाराष्ट्रातील जुन्या पिढीत १ जून या जन्मतारखेची माणसे फार आहेत. शाळेत नाव घालताना वय बसवण्यासाठी गुरुजींनी ती लिहिलेली असते. खरी नोंद त्या तारखेला सापडणार नाही, आणि सापडली तर ती पासपोर्टशी जुळणार नाही. अशा वेळी मागची-पुढची दोन वर्षेही तपासून घ्यावीत.

उशिराची नोंद : जन्मानंतर २१ दिवसांत नोंद नियमित मानली जाते, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्कासह, एक वर्षापर्यंत विहित अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने. वर्षानंतर पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेला. दाखल्यावर ‘नोंदणी दिनांक’ हा रकाना असतो आणि स्थलांतर अधिकारी आधी तोच वाचतो. (कागद नुकताच काढलेला असणे हा दोष नाही, ‘दिल्याचा दिनांक’ नवा असला तरी चालतो.) जन्म १९६२ चा आणि नोंदणी २०१९ ची असेल, तर अर्जासाठीच कागद तयार केला अशी शंका येते.

अशा दाखल्याच्या वजनाविषयी अमेरिकी स्थलांतर अपील मंडळाचे दोन निर्णय सांगितले जातात. ब्यूनो प्रकरणात (१९९७) उशिराचा दाखला पितृत्वाचा निर्णायक पुरावा नसल्याचे मंडळाने म्हटले. काही सल्लागार त्याचा अर्थ ‘उशिराचा दाखला बाद’ असा लावतात. तो ताणलेला वाटतो. रहमान प्रकरणात (२०१७) उशिराचा दाखला इतर सर्व पुरावे आणि विलंबाची परिस्थिती यांच्यासह पाहावा, असे स्पष्ट झाले. हीच भूमिका अधिक ग्राह्य धरावी. व्यवहारात तिचा अर्थ असा की जुनी नोंद नसेल तर आज नवी करून घेण्यापेक्षा अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि जन्माच्या जवळच्या काळातले कागद हीच अधिक भक्कम बाजू ठरते.

दुय्यम पुरावे : शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र, बाप्तिस्म्याची नोंद, रुग्णालयाची नोंद. रजिस्टरचा उतारा सर्वांत उपयोगी, कारण तो पहिलीच्या प्रवेशावेळचा असतो. त्याची उणीव एकच, पण मोठी : जुन्या नोंदींत आईचे नाव नसते. परदेशातील भारतीय दूतावासाने पासपोर्टवरून दिलेला जन्मदाखला मूळ नोंदीचा पर्याय होत नाही.

अमेरिकी नियमांनुसार दुय्यम पुरावाही नसेल तर प्रकरणाचे पक्षकार नसलेल्या दोन व्यक्तींची शपथपत्रे लागतात. जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेले, वयाने मोठे नातेवाईक घ्यावेत. टंकलेखकाच्या ठरीव मजकुरातील ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ हे वाक्य शपथपत्र कमकुवत करते, कारण माहिती कशी झाली ते त्यात येत नाही. ‘मी अर्जदाराची मावशी. बाळंतपण आमच्या घरी झाले, त्या वेळी मी सोळा वर्षांची होते व घरात हजर होते’ असा मजकूर हवा. आईची माहेरची व सासरची, दोन्ही नावे लिहावीत. लग्नात नाव बदलण्याच्या रिवाजामुळे दाखल्यावरची शकुंतला आणि पासपोर्टवरची लक्ष्मी एकच, हे परक्या अधिकाऱ्याला आपोआप कळत नाही.

कोणाचा दाखला : येथे घोटाळा फार होतो. आईसाठी अर्ज करताना नाते सिद्ध होते ते अर्ज करणाऱ्या मुलाच्या दाखल्यावरून, आणि त्यावर आईचे नाव हवे. वडिलांसाठी जोडीला आई-वडिलांच्या विवाहाचा पुरावा लागतो. भावंडांच्या (एफ-४) अर्जात दोघांचेही दाखले आणि सामाईक पालक दिसावे लागतात. या वर्गात भारतीयांची प्रतीक्षा दीड दशकाहून अधिक आहे. शपथपत्र देऊ शकणारी वडीलधारी माणसे तोवर राहतीलच असे नाही, म्हणून शपथपत्रे अर्जाच्या वेळीच करून ठेवावीत.

निनावी दाखला : मुलाचे नाव जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १४ खाली १२ महिन्यांत विनाशुल्क आणि १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्कासह घालता येते, पुढे शासनाने मुदतवाढ दिली असेल तरच. नाव घालता आले नाही तरी हा दाखला टाकू नये. नोंदणी जन्माच्या वेळची असल्याने शालेय उताऱ्यासह तो चांगला पुरावा आहे.

अनुवाद व उत्तराची मुदत : मराठी कागदाचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद, शिक्क्यांवरील मजकुरासह, आणि अनुवादकाचे दोन्ही भाषा येत असल्याचे व अनुवाद अचूक असल्याचे सही केलेले निवेदन जोडावे. अर्जदाराच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे ठेवावे, पण मूळ मराठीत ‘विठोबा’ असेल तर अनुवादात ‘विठ्ठल’ करू नये. अमेरिकी स्थलांतर खात्याकडून आणखी पुराव्याची मागणी आल्यास उत्तरासाठी कमाल १२ आठवडे मिळतात व ती मुदत वाढत नाही. सर्व कागद एकाच वेळी पाठवावे लागतात. रक्ताच्या नात्याचा दुसरा पुरावा नसल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील डीएनए चाचणी सुचवली जाते. ती ऐच्छिक असते. आई-वडील व अपत्य यांच्यात ९९.५ टक्के निश्चिती अपेक्षित असते. भावंडांमधील चाचणीचे निष्कर्ष तितके ठाम नसतात.