कैचीचे कोन : माप कसे घ्यावे, कोन कसा काढावा

पत्र्याच्या शेडच्या कैचीची, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याची, ऑर्डर देताना ‘उतार तीस ठेवा’ एवढेच सांगू नका. तीस अंश की तीस टक्के? तीस टक्के म्हणजे जेमतेम १६.७ अंश. आम्हाला दोन मापे पुरतात: आढ्याची (छताच्या सर्वांत उंच रेषेची) उंची आणि निम्मा गाळा (दोन भिंतींमधल्या आडव्या अंतराचा अर्धा भाग). कोन त्यांच्या गुणोत्तरातून निघतो.

समजा गाळा ६ मीटर आहे आणि आढे भिंतीच्या माथ्यापासून १ मीटर उंच. उंची भागिले निम्मा गाळा, म्हणजे १ ÷ ३ = ०.३३३. कॅल्क्युलेटरवर याचा टॅन इन्व्हर्स (tan⁻¹ चे बटण) घ्या: १८.४३ अंश. उत्तर ०.३२ आले, तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे; तो डिग्रीवर आणा. कैचीच्या त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०, म्हणून आढ्याचा कोन १८० − (२ × १८.४३) = १४३.१४ अंश.

सर्वांत जास्त चूक होते ती निम्म्याऐवजी पूर्ण गाळ्याने भागण्यात. मग १ ÷ ६ मधून ९.४६ अंश येतात, आणि त्या कोनात कापलेले पाइप आढ्यापाशी जुळत नाहीत, फट राहते. आढ्याचा उभा काप घेताना कटर १८.४ वरच लावायचा, ७१.६ वर नाही. मशीनवरचा शून्य म्हणजे सरळ, काटकोनी काप.

दोन पाखी (छताच्या आढ्यापासून उतरणाऱ्या बाजू) असमान असतील, तर प्रत्येकाचे गणित वेगळे करा. एकीकडे २ मीटर, दुसरीकडे ४ मीटर आणि उंची १ मीटर असेल, तर कोन २६.५७ आणि १४.०४ अंश येतात. आढ्याला उरतात १३९.३९. दोन्ही भिंतींचे माथे मात्र आधी पाण्याच्या नळीने तपासा. ४ मीटरकडची भिंत ५ सेंटिमीटर खाली असेल, तर तिकडची उंची १.०५ मीटर धरावी लागते आणि १४.०४ चे १४.७१ होतात.

बाजूंचे गुणोत्तर म्हणजे कोनांचे गुणोत्तर नव्हे. गवंडी ज्याने गुण्या (काटकोन) तपासतात तो ३-४-५ चा त्रिकोण घ्या. त्याचे कोन ४५, ६०, ७५ नसून ३६.८७, ५३.१३ आणि ९० अंश असतात.

पत्र्याची लांबी आडव्या मापाने मागवू नका. वरच्या ६ मीटर गाळ्याला पाखे ३.१६ मीटर भरते. भिंतीबाहेर आडवे ४५ सेंटिमीटर काढायचे असतील, तर उतारावर आणखी ४७.४ सेंटिमीटर धरा.